कांचेचीं दारें आणि धोक्याची घंटा

पूर्वीच्या वाड्याचें दार म्हणजे एक लहानसा किल्लाच असे. आंतून अडसर, वर कडी-कोयंडा आणि खिडक्यांना जाड गज. आज शहरांतून ज्या सदनिकांमध्यें आपण राहतों, त्यांचें पुढचें दारही भक्कम असतें व त्यास दोन-दोन कुलुपें असतात. परंतु त्याच घराचें गॅलरीकडचें दार पुष्कळदां एका सरकत्या कांचेचें असतें. घरांत उजेड व वारा यावा, ही इच्छा रास्तच आहे. तथापि पुढल्या दाराशीं सावध असणारा गृहस्थ मागल्या कांचेविषयीं निश्चिंत असतो, हें नाकारतां येणार नाहीं. या दुर्लक्षित बाजूस एक साधी धोक्याची घंटा बसवावी, असें आमचें मत आहे. ती कां व कशी, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं एकत्र बसून करावा, यासाठीं हा लेखनप्रपंच.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील बोस्टन शहराजवळच्या सॉमरव्हिल येथील धर्मोपदेशक ऑगस्टस रसेल पोप यांनीं १८५३ सालीं विजेवर चालणाऱ्या अशा घंटेचें पेटंट मिळविलें. दार अथवा खिडकी उघडतांच विजेचें मंडल पूर्ण होई, विद्युच्चुंबक आपलें काम करूं लागे आणि हातोडी घंटेवर आपटे. पुढें १८५७ सालीं एडविन होम्स यांनीं तें पेटंट विकत घेऊन या घंटांचा व्यापार वाढविला. धर्मोपदेशकानें चोरीचा विचार करावा, याचें नवल नको. चोर कोणत्या प्रहरीं येईल हें घरधन्यास ठाऊक नसतें, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपण शाळेंत ऐकतोंच. मनुष्य सर्व प्रहर जागूं शकत नाहीं. घंटा जागूं शकते.

हल्लीं मिळणारी साधी घंटा दोन तुकड्यांची असते. एका तुकड्यांत लोहचुंबक असतो. तो सरकत्या झडपेवर चिकटवितात. दुसरा चौकटीवर बसतो. त्यांत सेल, भोंगा आणि कांचेच्या बारीक नळींत बसविलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांची एक कळ असते. चुंबक जवळ आहे तोंवर पट्ट्या एकमेकींस चिकटून असतात; झडप सरकली कीं त्या सुटतात आणि भोंगा ओरडूं लागतो. या कळीचा शोध अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत १९३६ सालीं लागला. चुंबकत्वाचा धडा शिकलेल्या मुलास हें सारें सहज समजेल, आणि दोन्ही बाजूंस गोंद असलेल्या पट्टीनें ती घंटा बसवितांही येईल. मात्र दोन तुकड्यांमधील अंतर सुमारें एक सेंटिमीटरच्या आंत असावें.

या घंटेची मर्यादाही जाणली पाहिजे. झडप हलली तरच ती वाजते. कांच फोडून, झडप न हलवितां, कोणीं भोंकांतून हात घातला, तर ती मुकीच राहील. यास्तव मोठ्या कांचेवर आघाताचा कंप ओळखणारी निराळी घंटा चिकटवावी. शिवाय सरकत्या दाराच्या खालच्या खांचेंत मापाची एक काठी आडवी ठेवणें, हा तर बिनपैशाचा उपाय होय.

कोणी म्हणेल, "लोखंडी जाळी बसविली म्हणजे झालें, घंटेचें काय काम?" जाळीचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं, लहान मुलें खालीं पडूं नयेत म्हणूनही ती हवी. परंतु जी जाळी चोरास आंत येऊं देत नाहीं, तीच आग लागली असतां घरच्यांस बाहेर जाऊं देत नाहीं. धुरांतून चांचपडत खिडकीशीं पोहोंचलेल्या मुलाला पक्के जोडलेले गज लागले, तर त्यानें काय करावें? म्हणून सुटकेच्या खिडकीच्या जाळीस आंतून उघडणारें दार असावें, त्याची किल्ली बाहेरून हात पोहोंचणार नाहीं अशा परंतु घरांतील सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं असावी, आणि त्याच खिडकीवर घंटा बसवावी. जाळी चोराबरोबर घरच्यांसही अडविते. घंटा कोणास कोंडीत नाहीं.

परंतु ओरडणाऱ्यास ऐकणारा हवा. घंटा चोराचा हात धरीत नाहीं; ती केवळ हांक मारते, आणि त्या हांकेस ओ देणारा शेजारी नसेल तर तिची किंमत फारच थोडी. घरच्याच मंडळींनीं खिडकी उघडतांना कळ बंद करण्याचें विसरून ती दिवसांतून चार वेळां वाजविली, तर 'लांडगा आला रे आला' या गोष्टींतील मुलाप्रमाणें पांचव्या वेळीं तिच्याकडे कोणीही लक्ष देणार नाहीं. उलट, दिवाळींत अथवा मे महिन्याच्या सुटींत गांवीं जातांना शेजाऱ्यांस सांगून गेलें, आपला दूरध्वनी क्रमांक दिला, तर त्याच घंटेस दहा कान लाभतात.

आईबाप दोघेही कामावर जातात व शाळा सुटल्यावर मूल एकटें असतें, अशीं घरें आज पुष्कळ आहेत. अशा मुलास एक गोष्ट स्पष्ट शिकवावी : घंटा वाजली तर काय झालें तें पाहण्यास त्या खोलींत जाऊं नये; पुढच्या दारानें शेजाऱ्यांकडे जावें व ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें. धैर्य म्हणजे चोराशीं झुंजणें नव्हे. घरांतील वस्तू पुन्हां घेतां येतात. मूल पुन्हां आणतां येत नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीपूर्वीं आपल्या घराच्या खिडक्या व कांचेचीं दारें मोजा, कोणतें उघडें पडतें तें वडिलांस व आईस दाखवा, आणि महिन्यांतून एकदां घंटा वाजवून सेल तपासण्याचें काम स्वतःकडे घ्या. पालकांस आमची विनंती इतकीच, कीं घंटा बसविल्या दिवशीं शेजाऱ्यांस घरीं बोलवावें आणि तिचा आवाज त्यांस ऐकवावा. त्यांच्या घरची घंटा वाजली तर आपणही धांवून येऊं, असें वचनही त्याच वेळीं द्यावें.