विद्वत्तेचा परवाना

निवडणुकीनंतर रक्त सांडले की दोष अडाणी मतदारांच्या आणि भाडोत्री गुंडांच्या माथी मारला जातो. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टचा इतिहास वेगळे सांगतो. तेथे १९९४च्या निवडणूक कायद्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आई-वडील दोघेही जन्माने आयव्हरियन असण्याची अट घातली आणि अर्थतज्ज्ञ अलासान वातारा यांची वाट रोखली. त्यामागच्या ‘इव्वारिते’ या अस्सल नागरिकत्वाच्या कल्पनेला १९९६ मध्ये तात्त्विक बैठक दिली ती विद्यापीठातल्या अभ्यासकांनी. उत्तरेकडील मुस्लिमांना परके ठरवणारा तर्क त्यांच्या चर्चासत्रांतून रस्त्यावर उतरला. २००२ मध्ये देश यादवीत लोटला गेला.

पुढचा अध्यायही विद्वानांचाच. ३० नोव्हेंबर २०१० रोजी निवडणूक आयोगाचे प्रवक्ते वातारा उमेदवार असलेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल कॅमेऱ्यांसमोर वाचू लागताच सत्ताधारी राष्ट्राध्यक्षांच्या गटातील सदस्याने त्यांच्या हातातले कागद हिसकावून फाडले. आयोगाने वातारा यांना ५४.१ टक्के मते जाहीर केली. घटना परिषदेने उत्तरेतील मते बाद करून इतिहासाचे प्राध्यापक असलेले राष्ट्राध्यक्ष लॉरां बाग्बो यांना विजयी ठरवले. त्यानंतरच्या हिंसाचारात सुमारे तीन हजार माणसे मारली गेली.

बाग्बो यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष सोडले, अत्याचार दोन्ही बाजूंनी झाले, मग दोष प्राध्यापकांचा कसा, असे विचारले जाईल. पण गुन्हा सिद्ध न होणे म्हणजे नैतिक जबाबदारी संपणे नव्हे. शिवाय पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या, डॉक्टरेट मिळवलेल्या वातारा यांनीही २०२० मध्ये नव्या राज्यघटनेचा आधार घेत तिसरी कारकीर्द मागितली, तेव्हा पुन्हा माणसे मेली. बुद्धिमत्ता सत्तेच्या सेवेला लागली की ती कायद्यातल्या पळवाटा शोधते आणि अन्यायाला सभ्य भाषा पुरवते.

विद्वानांनी राजकारणापासून दूर राहावे, असा याचा अर्थ नाही. नायजेरियात २०१५ मध्ये निवडणूक आयोगाचे अध्यक्ष राज्यशास्त्राचे प्राध्यापक अताहिरू जेगा होते. निकालसंकलनाच्या सभागृहात एका माजी मंत्र्याने ठाण मांडून त्यांच्यावर पक्षपाताचे आरोप केले. जेगा शांत राहिले आणि काम पुढे नेले. विद्यमान राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी पराभव मान्य केला. फरक पदवीत नव्हता, निष्ठेत होता. म्हणून मागणी साधी आहे. विद्यापीठांनी एखाद्या समाजाचा मताधिकार हिरावणाऱ्या सिद्धांताला सार्वजनिक विरोध करावा आणि निवडणूक यंत्रणेत बसणाऱ्या प्राध्यापकाने पक्षाशी असलेले नाते आधी तोडावे. ज्ञानाचा मान हवा असेल, तर त्याचे उत्तरदायित्वही स्वीकारलेच पाहिजे.