बुडीत खात्यातला ठेका

बँकेत असताना ‘बुडीत’ हा शेरा मी अनेक खात्यांवर मारला. जपानच्या रोलँड कंपनीच्या ‘टीआर-८०८’ या तालयंत्राची कहाणी कळली आणि त्या शेऱ्याविषयीच शंका वाटू लागली.

हे यंत्र १९८० साली आले. त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रण नव्हते. विद्युतमंडलेच नाद घडवीत. साहजिकच ते ड्रमसारखे वाजेना. त्याच वर्षीच्या अमेरिकन ‘लिन’ यंत्रात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते. सुमारे १२ हजार नगांनंतर, १९८३ मध्ये रोलँडने उत्पादन थांबवले. गंमत अशी, की संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. कारखाने सुधारले आणि तो दोषच मिळेनासा झाला!

मग ही यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात आली. ज्यांना महागडी यंत्रे परवडत नव्हती, त्यांनी ती उचलली. न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाने ‘प्लॅनेट रॉक’मधून १९८२ मध्येच वाट दाखवली होती. ड्रमला न शोभणारा तो घुमणारा खर्ज पुढे हिप-हॉपचा कणा झाला.

त्याच १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग बसवून तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी रसिक थक्क झाले.

हिशेब चुकला नव्हता; वही लवकर मिटली होती. पहिल्या वर्षाच्या खपावरून पुस्तके आणि नाटके निकालात काढणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.