नकार घरच्यांचा नव्हता



गणेशोत्सवाच्या जेवणानंतर टोकियोत आमच्या घोळक्यात अवयवदानाचा विषय निघाला. एक मित्र ठामपणे म्हणाला, "जपानी माणसाला देह अखंड लागतो. म्हणून इथे दान होत नाही. संस्कृतीचा प्रश्न आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते जमले नाही. माझा एक जपानी सहकारी गेली ९ वर्षे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसवर आहे. मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव आहे आणि इथे ही प्रतीक्षा सरासरी १५ वर्षांच्या घरात जाते.

संस्कृतीचे कारण आपल्यासारख्या पुरोगाम्यांना फार सोयीचे असते. दोष अंधश्रद्धेच्या माथी मारला, प्रबोधनाचे एक व्याख्यान ठेवले, की आपण मोकळे! पण वस्तुस्थिती काय आहे?

२०२१ च्या सरकारी जनमत पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी अवयव देण्याची इच्छा सांगितली होती. २०२३ साली मेंदूमृत दात्यांची संख्या प्रथमच शंभराच्या वर गेली. म्हणजे लोक पुढे येत होते. आणि त्याच वर्षी टोकियो, क्योटो आणि तोहोकू या तीन विद्यापीठांच्या रुग्णालयांनी मिळून साठाहून अधिक वेळा, देऊ केलेला अवयव स्वीकारायला नकार दिला. कारण? अतिदक्षता विभागात खाट नाही, शस्त्रक्रियेला माणसे नाहीत.

पुन्हा वाचा. दात्याच्या घरच्यांनी आयुष्यातल्या सर्वात वाईट दिवशी 'हो' म्हटले होते. 'नाही' म्हणाली ती रुग्णालये.

अवयव वेळापत्रक पाहून येत नाही. हृदय काढल्यापासून साधारण ४ तासांत, फुप्फुस ८ तासांत, यकृत १२ तासांत दुसऱ्या शरीरात सुरू व्हावे लागते. एका रुग्णालयाने नकार दिला की अवयव यादीतल्या पुढच्या रुग्णाकडे जातो, आणि सगळ्यांनीच नकार दिला तर वाया जातो. ज्याचा नंबर होता, त्याचा दोष इतकाच की त्याने नाव 'मोठ्या' रुग्णालयात नोंदवले होते. ठरलेल्या शस्त्रक्रियांनी विभाग भरलेला असताना रात्री येणाऱ्या अवयवासाठी एक खाट आणि एक पथक राखून ठेवायला पैसे लागतात. ते कोणी द्यायचे हे ठरलेले नसेल, तर त्याला संस्कृती म्हणायचे की हलगर्जीपणा?

अविश्वास इथे आहे, हे मी नाकारत नाही. पण तो कुठून आला? १९६८ च्या फेब्रुवारीत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आशियातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साप्पोरोत डॉ. वादा यांनी जपानमधले पहिले केले. तो रुग्ण ८३ दिवस जगला. पण दाता खरोखर मृत होता का, रुग्णाला नवे हृदय खरोखर लागत होते का, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे कधीच मिळाली नाहीत. फौजदारी तक्रार झाली, खटला मात्र उभा राहिला नाही. त्यानंतर जपानमध्ये पुढचे हृदयरोपण व्हायला १९९९ साल उजाडले. लोकांचा हा संशय अंधश्रद्धा नव्हे. उत्तर न देणाऱ्या डॉक्टरांबद्दल कोणत्याही विवेकी माणसाला वाटेल तोच तो संशय होता.

१९९७ च्या कायद्याने दात्याची लेखी संमती सक्तीची केली. २०१० पासून, दात्याने नकार नोंदवला नसेल तर घरच्यांची संमती पुरते. पण मेंदूमृत्यू कायद्याने मृत्यू ठरतो तो अवयवदान होणार असेल तरच, आणि त्यासाठी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. हे करू शकणारी रुग्णालये मोजकी, त्यातही सगळी सज्ज नाहीत. म्हणजे अनेक कुटुंबांना कोणी विचारतच नाही. दानाची इच्छा असूनही अवयव वाया जातो तो असा, दोन्ही टोकांना.

आणि भारताकडे बोट दाखवून सुटका नाही. तिकडेही रोपणाची मोठी केंद्रे मोजक्या शहरांत, बरीचशी महागड्या खासगी रुग्णालयांत. हृदय मिळाले तरी ते परवडणारा रुग्ण वेळेत मिळेलच असे नाही. ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या आपण आनंदाने एकमेकांना पाठवतो. ज्या अवयवासाठी कॉरिडॉर निघालाच नाही, त्याची बातमी होत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. दानाचे अर्ज भरा, जरूर भरा. इथल्या लायसन्सच्या मागे त्यासाठी जागा असते, मी भरली आहे. घरच्यांशीही बोलून ठेवा. पण तिथेच थांबू नका. भारतात एखाद्या रुग्णालयाला देणगी देताना विचारा, गेल्या वर्षी तुमच्याकडे किती अवयव देऊ केले गेले आणि किती नाकारले? का नाकारले? ज्याचा नंबर हुकला त्याला ते सांगितले का? या तीन उत्तरांशिवाय चेक लिहू नये, असे मला वाटते.

परवा सहकाऱ्याशी हे बोललो. तो हसून म्हणाला, "शिकाता गा नाई." इलाज नाही. माझी आई म्हणाली असती, भोग आहेत. दोन्ही भाषांत आपण हे वाक्य फार लवकर उच्चारतो. खाट नसणे हा कोणाचा भोग नव्हे. ती कोणीतरी ठेवलेली नसते.

मतभेद असतील तर अवश्य लिहा.

आपला,
टोकियोचा एक सभासद