शकुंतलेचा एक तुकडा तरी राखा

मुर्तिजापूर जंक्शनात शिरलं की बाजूच्या अडीच फुटी रुळांकडे वऱ्हाडी माणसाची नजर जातेच. एका अंगाला अचलपूर ७६ किलोमीटर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ ११३, अन् या साऱ्या टापूची गाडी म्हणजे आमची शकुंतला. ब्रिटिश कंपनीनं ती आणली ती इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचवायला. पुढं मात्र ती कास्तकाराचीच झाली. मँचेस्टरातच १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन १९९४च्या एप्रिलपर्यंत राबलं, मग डिझेल आलं. फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, डबे पार झाले की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. तिकिटंही गार्डच द्यायचा. दर्यापूर-अंजनगावच्या गरिबाला एसटीपेक्षा हेच भाडं परवडायचं, म्हणून गाडी बंद झाल्याचा चटका आधी त्यालाच बसला. या मार्गाचं ब्रॉडगेज व्हावंच, त्याला विरोध कोण करेल? पण अचलपूर शाखेवरचा एक तुकडा अरुंदच ठेवून त्यावर गाडी पुन्हा धावती करा. माथेरानची छोटी गाडी जपता येते, तर वऱ्हाडची का नाही?