पॉइंट्सचं विमान फुकट नसतं: बिझनेस क्रेडिट कार्ड घेण्याआधी हे वाचा



"सर, धंद्याचा सगळा खर्च क्रेडिट कार्डवर टाकला तर विमानाचं तिकीट फुकट मिळतं म्हणे. खरं आहे का?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर लिहितो.

उत्तर असं आहे: मिळतं, पण सगळ्यांना नाही. ज्याची वसुली वेळेवर होते, त्यालाच हा खेळ परवडतो.

आधी माझीच फजिती सांगतो. मसाल्याचा धंदा करत होतो तेव्हा माझ्या कार्डवर वर्षभरात ठरावीक खर्च केला की दहा हजार बोनस पॉइंट्स होते. मार्च उजाडला आणि चाळीस हजार कमी पडत होते. मी काय केलं? दोन महिन्यांचे पाऊच आधीच घेऊन ठेवले. टार्गेट पूर्ण! पण एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट महिनाभर लांबलं. पंच्याऐंशी हजारांचं बिल समोर आणि गल्ल्यात पैसे नाहीत. मग "मिनिमम ड्यू" भरला आणि निवांत झोपलो. दोन महिन्यांत व्याज आणि त्यावरचा जीएसटी धरून जवळजवळ सात हजार गेले. बोनस पॉइंट्सची किंमत निघाली अडीच हजार. म्हणजे पॉइंट्स मी विकतच घेतले, तेही महाग!

आता आकडेमोड करू. वही घ्या.

समजा तुमच्या कार्डवर शंभर रुपयांना दोन पॉइंट्स आहेत. एक लाखाचा माल घेतला, दोन हजार पॉइंट्स आले. एका पॉइंटची किंमत पन्नास पैसे धरली तर कमाई १,००० रुपये. आता तेच एक लाख एक महिना थकले. दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. एकूण ४,१३०. एका महिन्याच्या उशिरानं चार महिन्यांची कमाई साफ! शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

दुसरी गोष्ट, सप्लायर. होलसेलवाला म्हणतो, "कार्डनं देणार? दोन टक्के वर लागतील." लाखावर दोन हजार देऊन हजाराचे पॉइंट्स घ्यायचे? आणि तोच सप्लायर रोख पेमेंटला दोन टक्के कॅश डिस्काउंट देत असेल तर डोळे झाकून डिस्काउंट घ्या. भाडं, पेट्रोल, वॉलेट आणि सरकारी कर यांवर बऱ्याच कार्डांवर पॉइंट्स मिळत नाहीत किंवा मर्यादा असते. नियमांचं पान कंटाळवाणं असतं, पण वाचा.

मग कार्ड घ्यायचंच नाही का? तसं अजिबात नाही. माझ्या मते छोट्या उद्योजकाला कार्डचा खरा फायदा पॉइंट्स नसून बिनव्याजी दिवस आहेत. समजा स्टेटमेंट ५ तारखेला बनतं आणि भरायची शेवटची तारीख २५ आहे. ६ मार्चला माल घेतला तर पैसे २५ एप्रिलपर्यंत द्यायचे, म्हणजे पन्नास दिवस. तोच माल ४ एप्रिलला घेतला तर फक्त एकवीस दिवस. कार्ड तेच, माल तोच, फरक फक्त तारखेचा.

म्हणून माझा नियम साधा आहे. तुमचा पैसा माल घेतल्यापासून किती दिवसांत परत येतो ते मोजा. तीस-पस्तीस दिवसांत येत असेल तर कार्ड जरूर वापरा, पॉइंट्स ही वरची मलई. साठ-सत्तर दिवस लागत असतील तर आधी उधारी आटोक्यात आणा. तोपर्यंत कार्डवर फक्त ठरलेले छोटे खर्च ठेवा: जाहिरात, सॉफ्टवेअर, कुरिअर.

आणि पॉइंट्स जमलेच तर मिक्सर, बॅग, घड्याळ यांत घालवू नका. एक उदाहरण बघा. पाच हजार पॉइंट्सना १,२५० रुपयांचा मिक्सर मिळत असेल तर पॉइंट पडला पंचवीस पैशांना. तेच पाच हजार पॉइंट्स आणि वर एक हजार रुपये देऊन सहा हजारांचं तिकीट मिळालं, तर पॉइंटला एक रुपया मिळाला. चौपट! प्रत्येक कार्डचा हिशोब वेगळा, त्यामुळे ही भागाकाराची सवय लावून घ्या. तिकिटाची किंमत, वजा वरून भरलेले पैसे, भागिले पॉइंट्स.

तिकीटही धंद्याच्या कामाचं काढा. तिरुपूरला होजिअरीचा माल बघायला जा, दिल्लीला प्रगती मैदानावरच्या प्रदर्शनाला जा. जी ट्रिप तुम्ही "खर्च होतो" म्हणून दरवर्षी टाळता, ती करा. गावातल्या एजंटकडून घेतलेला भाव आणि कारखान्यात उभं राहून विचारलेला भाव यात किती फरक असतो, ते एकदा स्वतः बघा. तिथे पॉइंट्सचं खरं सोनं होतं.

आजचा होमवर्क: मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट काढा. व्याज आणि लेट फी किती भरली ते एका बाजूला लिहा, पॉइंट्सची किंमत दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू जड असेल तर आजच बँकेत पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा, आणि त्या तारखेला खात्यात तेवढे पैसे ठेवा. नवीन कार्डचा विचार त्यानंतर.

वही भरा, धंदा वाढवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!