लाकूडचोर आणि सत्याग्रही

दरवर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातील चिरनेर येथे हुतात्म्यांना पोलीस मानवंदना देतात. १९३० साली याच दिवशी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनीच गोळ्या झाडल्या होत्या. नाग्या कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. समारंभाला आलेल्या चौथीतल्या एखाद्या मुलाने विचारले, "सरकारी जंगल तोडणे गुन्हा ना? मग यांना वंदन का?" तर बहुतेक पालक त्याला गप्प बसवतील. वास्तविक त्या क्षणी मुलाची नीतिबुद्धी एक पायरी वर चढत असते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२च्या ग्रंथात हा प्रवास टिपला आहे. एका मुलाकडून नकळत पंधरा कप फुटले. दुसऱ्याकडून चोरून मुरंबा घेताना एकच फुटला. अधिक दोषी कोण? लहानगी मुले पंधरा मोजतात. नऊ-दहा वर्षांच्या सुमारास दृष्टी हेतूकडे वळते. चिरनेरच्या रानातही हाच प्रश्न आहे. कोयता लाकूडचोराच्या हाती असतो, तसाच सत्याग्रहीच्याही.

पुढे अमेरिकेतील लॉरेन्स कोलबर्ग यांनी दाखविले की, धाकाने वागणारे मूल मोठेपणी लोकलज्जेने आणि कायद्याच्या आदराने वागू लागते. पण तो कायदा न्याय्य आहे काय, हे तत्त्वावर घासून पाहण्यापर्यंत अनेक प्रौढ पोहोचतच नाहीत. (लाल दिवा तोडणारे काही गृहस्थही स्वतःला बंडखोर समजतात, तो भाग वेगळा.)

आपल्या संस्कारवर्गांनी याचा विचार करावयास हवा. शिस्त हा पाया आहे, त्याविषयी वाद नाही. मात्र गोष्ट संपताच तात्पर्य घोकून घेण्याची आपली घाई मुलाला पायाशीच थांबवते. २१ जुलै १९३० रोजी डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळ जंगलाचा कायदा मोडला. शिस्तीचे इतके आग्रही दुसरे कोण होते? तत्पूर्वी त्यांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. परांजपे यांच्याकडे सोपविली आणि नंतर नऊ महिन्यांची शिक्षा शांतपणे स्वीकारून ते अकोल्याच्या कारागृहात गेले. स्वार्थासाठी नियम मोडणारा शिक्षा चुकवितो. डॉक्टरांनी ती ओढवून घेतली.

चिरनेरच्या गोळीबारात मामलेदार जोशी यांचाही अंत झाला. सरकारची चाकरी आणि समोर आपलीच माणसे, अशा पेचात सापडलेल्या अधिकाऱ्याने काय करावे? उरणच्या आठवी-नववीच्या वर्गांत हा प्रश्न एक तासभर चर्चेला ठेवावा. उत्तर शिक्षकांनी फळ्यावर लिहून देऊ नये.