जुना संगणक आणि मुक्त प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संचालन प्रणालीचे नियमित साहाय्य संपले. संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकाची कारभारीण होय. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणे, फाइल जपून ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे, ही सारी कामे ती पाहते. तिची डागडुजी थांबली की घराची कडी सैल होते. ‘विंडोज ११’ पुष्कळ जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाही. मग पंचवटीतील वा सातपूरमधील एखाद्या घरात बेत ठरतो, की नऊ-दहा वर्षांचा पण धडधाकट संगणक भंगारात घालावा.

हा बेत घाईचा आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ नावाचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना वाचण्यास, सुधारण्यास व वाटण्यास खुला केला. त्याच्याभोवती डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट अशा प्रणाली उभ्या राहिल्या. त्या विनामूल्य मिळतात. खुली वस्तू सुरक्षित कशी, अशी शंका कोणी घेईल. नाशिकरोडला चलनी नोटा छापल्या जातात. तेथील कसब कुलपाआडच राहिले पाहिजे. प्रणालीचे मात्र उलट आहे. तिची आज्ञावली अनेक जाणकारांच्या नजरेखालून गेली, म्हणजे चूक सापडण्याचा संभव वाढतो.

मग निवडावी कोणती? कित्येकांचे मन प्रथम ‘बॉस’ या भारतीय प्रणालीकडे जाईल. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ही निर्मिती २००७ मध्ये पुढे आली. तिचे कौतुक जरूर करावे. तथापि तिचा पाया डेबियनचाच आहे, हे विसरू नये. या क्षेत्रात इतरांचे घेऊन त्यात भर घालणे हे उसनेपण मानीत नाहीत. तेव्हा केवळ स्वदेशी नावावर निवड करणे बरोबर नव्हे.

घरच्या जुन्या यंत्रासाठी खरा प्रश्न आहे तो प्रणालीच्या आयुष्याचा. फेडोराची एक आवृत्ती सुमारे तेरा महिनेच सांभाळली जाते. नवे शिकण्याची हौस असलेल्या विद्यार्थ्यास ती मानवेल, पण आजोबांच्या टेबलावर ती ठेवू नये! मिंटची आवृत्ती पाच वर्षे टिकते. तिचा ‘एक्सएफसीई’ हा हलका अवतार कमी स्मृतीच्या यंत्रावरही चालतो. म्हणून तिचीच निवड अधिक शहाणपणाची. तिच्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. एकदा बोटांना सवय झाली की लेखन झरझर होते.

मुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्या घराने मात्र थांबून विचार करावा. ‘श्रीलिपी’सारख्या साधनांत केलेले वर्षानुवर्षांचे काम विंडोजशी बांधलेले असते, ते एका दिवसात सुटत नाही.

इतरांनी मिंट प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. आवाज येतो का, वायफाय जुळते का, छपाईयंत्र ओळखले जाते का, हे स्थापना न करताही कळते. त्यानंतरच पुढे जावे. आणि त्याआधी घरातील छायाचित्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी, कारण स्थापनेच्या वेळी चुकीच्या एका होकाराने सारे पुसले जाते.